डावीकडे अडीच अंश

कर्वेनगरच्या स्थैर्य सहकारी गृहरचना संस्थेच्या पार्किंगमध्ये, बी-२०३ च्या जागेवर, विमान उभे आहे, अशी तक्रार जून २०१२ मध्ये संस्थेकडे आली. तक्रार विमानाबद्दल नव्हती. विमानाच्या शेपटीमुळे बी-२०४ ची स्कूटर निघत नव्हती, त्याबद्दल होती.

मी संस्थेचा सहसचिव. ज्या सभेत माझी निवड झाली त्या सभेला मी गैरहजर होतो. निवडीचं कारण तेच. हिंजवडीत मी टेस्टर आहे. म्हणजे लोकांच्या चुका शोधतो आणि त्या चुका नाहीतच असं त्यांच्याकडून लिहून घेतो. त्यामुळे सभेचं इतिवृत्त लिहायला मला वेगळं शिकावं लागलं नाही.

विमान समाधान ओव्हाळचं. तोही हिंजवडीतलाच. कंपनीने त्याला दीड वर्ष अलास्काला पाठवलं होतं. लोक ऑनसाइटहून चॉकलेटं आणतात, याने सात लाकडी खोकी मागवली. त्यांत एका बुश प्लेनचे सुटे भाग होते. दोन माणसांचं विमान, ट्रॅक्टरला शोभतील अशी फुगीर चाकं. शेतातून उडतं, ओढ्याकाठी उतरतं, रस्ता असा लागतच नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला याहून समजूतदार वाहन सुचणं अवघड आहे. घरी जोडलेलं असल्याने सरकारी कागदांत त्याचा वर्ग 'प्रायोगिक'. पुढे घड्याळांसारख्या तबकड्यांऐवजी एक मोठा स्क्रीन. त्यावर नकाशा, हवामान, इंजिनाचं तापमान आणि मधोमध क्षितिज: वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये पांढरी रेघ. विमान कलंडलं की रेघ कलंडते.

जोडकाम सगळं त्याच्या वडिलांचं. रामदास ओव्हाळ, वय एकाहत्तर, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले निवृत्त तपासनीस. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून केसभर वाकडा भाग पुढे गेला नाही. विमानात मात्र ते कधी बसले नव्हते.

"माझा माल बसला," ते म्हणायचे, "मी राहिलो."

तक्रार आल्यावर अध्यक्ष दत्तप्रसाद रिसबूड वही घेऊन खाली आले. विमानाभोवती एक फेरी मारली.

"दुचाकी की चारचाकी?"

"तीन चाकं आहेत," रामदासकाका म्हणाले.

"मग रिक्षा. व्यावसायिक वाहनाला आत परवानगी नाही."

"अहो, पंख आहेत त्याला!"

"पंखांचा उपविधींत उल्लेख नाही. म्हणजे ते नाहीत असं धरून चालावं लागेल." अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं. "आणि रंग निळाच का?"

"आकाशाचा आहे, साहेब."

"हं," अध्यक्ष म्हणाले. पुण्यात 'हं'वर पुढे काही बोलता येत नाही.

शेवटी शेपटी भिंतीकडे वळवली, समोरच्या काचेवर पार्किंगचा स्टिकर लागला आणि विमान नियमित झालं.

खरी अडचण पुढच्या फेब्रुवारीत आली. विमान पूर्ण झालं आणि समाधानने पहिल्यांदा स्क्रीन सुरू केला. क्षितिजाची रेघ तिरकी होती. विमान डावीकडे अडीच अंश कललंय, असं स्क्रीनचं म्हणणं. समाधानने बंद करून चालू केलं. आम्हा आयटीवाल्यांचा हा मुख्य उपचार. फरक नाही. स्क्रीनच्या कंपनीने परदेशातून नवा सेन्सर पाठवला. अडीच. आणखी एक पाठवला. अडीच.

मग रामदासकाकांनी कारखान्यात वापरलेली आपली लेव्हलची बाटली आणली. तीच ती, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. ती पंखावर ठेवली, मग फरशीवर, मग एका खांबाला लावून पाहिली.

"पोरा, यंत्र बरोबर आहे."

"मग वाकडं काय आहे?"

काकांनी हळूच वर पाहिलं. वर सहा मजले होते.

बातमी लिफ्टच्या आधी सहाव्या मजल्यावर पोचली. एरवी आमच्या सभेला गणसंख्या भरत नाही. त्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या.

"विमानाने संस्थेची बदनामी चालवली आहे," अध्यक्षांनी सुरुवात केली.

एका गृहस्थांनी उठून सुचवलं, की एखाद्या इंजिनिअरकडून इमारत तपासून घेऊ या.

"आपण भाडेकरू ना?"

"हो."

"बसा."

"माझा फ्लॅट बघायला पार्टी येतीये हो पुढच्या आठवड्यात!" ए-५०२ च्या रुपालीताई कळवळून म्हणाल्या. "तोपर्यंत तरी सरळ ठेवा ना कोणीतरी!"

मी चहा सांगायला गेटवर गेलो, तर वॉचमन नागोराव खुर्चीत बसलेला. खुर्चीच्या डाव्या पायांखाली दोन विटा.

"या कधीपासून?"

"आलो तवापासून. खुर्ची डाव्या अंगाला जाते."

"आणि कोणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं, साहेब? समद्यायला ठावं हाय. तुमच्या फ्रिजखालचा पुठ्ठा म्याच दिला की आणून. अठ्ठेचाळीस घरं, अठ्ठेचाळीस पुठ्ठे."

मी चहा न सांगताच परत आलो. सभागृहात सगळे आपापल्या पुठ्ठ्याबद्दल गप्प होते. ठराव क्रमांक १७ एकमताने मंजूर झाला. तो माझ्याच अक्षरात आहे: 'संस्थेची इमारत सरळ आहे. सबब सदर विमानाचे क्षितिज अडीच अंशांनी तिरके असून ते संबंधितांनी स्वखुशीने सरळ करून घ्यावे. तोपर्यंत विमान बाहेर नेण्यास ना-हरकत मिळणार नाही.'

ही ना-हरकत म्हणजे चेष्टा नव्हती. पंख सुटे केले तरी गेटचं एक दार उतरवल्याशिवाय विमान बाहेर जाणार नव्हतं, आणि दार संस्थेचं. चाचणी उड्डाणाची परवानगी फक्त एकतीस मार्चपर्यंत होती. ती मिळवायला दोन वर्षं गेली होती. पुन्हा दोन वर्षं म्हणजे काका त्र्याहत्तर. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाविषयी 'तूर्तास ठीक' असा शब्द वापरला होता.

"बाबा, दोन मिनिटांचं काम आहे," समाधान म्हणाला. "सेटिंगमध्ये अडीच टाकायचे. उडवायच्या जागी, लोणीला पोचलो की काढून टाकू. सगळीकडे असंच करतात."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

"हिंजवडीत."

"खडकीत असं केलं असतं, तर हिंजवडी उरली नसती," काका म्हणाले.

समाधानने अडीच टाकले. रेघ सरळ झाली. पण विमानाच्या नोंदवहीत 'क्षितिज तपासले, योग्य आढळले' अशा ओळीपुढे काकांची सही हवी होती, आणि काका पेनचं टोपण काढेनात. वही अकरा दिवस तशीच उघडी राहिली. रोज सकाळी ते खाली यायचे, फडक्याने विमान पुसायचे, त्या ओळीकडे बघायचे आणि वर जायचे.

मध्येच रुपालीताईंची पार्टी आली. नागपूरकडचे सावध गृहस्थ. त्यांनी हॉलमध्ये खिशातून लिंबू काढून फरशीवर ठेवलं. लिंबू घाई न करता डावीकडे निघालं आणि बाल्कनीत जाऊन थांबलं. रुपालीताई डगमगल्या नाहीत. त्यांनी गृहस्थांना खाली आणून थेट विमानात बसवलं.

"बघा. विमानाचं यंत्र आहे, साहेब. आहे का रेघ कुठे वाकडी?"

गृहस्थांनी मान तिरकी करून, सरळ करून पाहिली.

"लिंबूच खराब असेल," ते म्हणाले. व्यवहार तिथेच ठरला.

त्याच संध्याकाळी कार्यकारिणी बसली आणि ना-हरकतीला दुसरी अट जोडण्यात आली: विमान जावे, स्क्रीन राहावा.

समाधान माझ्या अंगावरच आला. "अरे, मग मी उडवू कशावर? विमानाचा मेंदू आहे तो!"

काका मात्र कित्येक दिवसांनी हसले. "देऊन टाक."

"बाबा!"

"खोटं बोलायला शिकलंय ते. आपल्या काय कामाचं?" त्यांनी स्वतः चार स्क्रू काढून स्क्रीन सेन्सरसकट माझ्या हातात ठेवला आणि त्या भोकात दोन स्क्रूंवर आपली लेव्हलची बाटली बसवली. "दिवसा उडायचंय. क्षितिज काचेतून दिसतं, पोरा."

मग त्यांनी पेनचं टोपण काढलं. छापील ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'क्षितिज ठराव क्र. १७ अन्वये संस्थेकडे जमा. विमान सरळ.' खाली सही.

तपासणीला आलेल्या विमान खात्याच्या अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

"पोच आहे?"

मी तिथल्या तिथे संस्थेच्या शिक्क्यानिशी पोच करून दिली: 'एक क्षितिज मिळाले.' त्यांनी ती फाइलला टाचली आणि परवानगीवर अखेरचा शिक्का मारला. कागद पूर्ण होता.

तीस मार्चला गेटचं दार उतरलं. विमान ट्रकवरून लोणी काळभोरला, काकांचे मित्र गेनबा यांच्या मोकळ्या रानात गेलं. संस्थेचा प्रतिनिधी म्हणून मी हजर होतो. समाधान पुढे, काका मागे. विमान ढेकळांवरून धडधडत सुटलं आणि उसाच्या जरासं आधी जमिनीवरून निघून गेलं.

"आयला, उडालं की हो!" गेनबा म्हणाले. इतका वेळ त्यांनी शिष्टाचार म्हणून शंका बोलून दाखवली नव्हती.

बावीस मिनिटांनी ते उतरले. काका बराच वेळ पट्टा न सोडता बसून होते. मी जवळ गेलो. त्यांनी डोळे पुसले.

"वर काही वाकडं नाही," ते म्हणाले.

बापलेक परत आलेच नाहीत, लोणीतच राहतात. मी एकदा जेवायला गेलो होतो. त्यांच्या फ्रिजखाली काही नाही. मी वाकून पाहिलं.

स्क्रीन आता आमच्या लॉबीत आहे, सागवानी चौकटीत, वर छोटा दिवा. रेघ अगदी सरळ. देखभाल सहसचिवाकडे. दर काही महिन्यांनी ती थोडी घसरते, मग मी सेटिंगमध्ये नवा आकडा टाकतो. तीन पॉइंट एक. चार. सध्या पाच पॉइंट आठ. नागोराव आता पुठ्ठा देत नाही, प्लायवूड देतो. शेजारच्या तीन सोसायट्या आमचा स्क्रीन बघून गेल्या आणि त्यांनीही मागवले.

हे सगळं इतकं सविस्तर सांगण्याचं कारण एवढंच, की बी-३०१ विकायचा आहे. दोन बेडरूम, पश्चिमेला बाल्कनी, खालचं पार्किंगही मोकळं झालंय. मालक मीच. काहीही लपवलेलं नाही, हे आपण पाहिलंतच. इथवर वाचून आपण मनाशी ठरवलं असेल, की असल्या इमारतीत पाऊल ठेवायचं नाही. ठीक आहे. एकदा फक्त भाव विचारा. भाव ऐकलात की लिंबू आपण स्वतःच घरी ठेवून याल.