पुनवेला एक वाजता

अंजूरला आमच्या शेजारची जयू मनगटाला घड्याळ बांधत नसे. वेळ विचारली की खाडीकडे तोंड करून सांगायची, "तिवरांच्या मुळ्या अजून दिसतात, ताई. अकरा न्हाय वाजले." आणि खरंच वाजलेले नसायचे!

मी आमच्या घरातली पहिली बीकॉम, त्यामुळे आळीतले सगळे अर्ज माझ्याकडे. जयूचाही आला. खाडीतली तिवरं नि खेकडे मोजायला माणूस हवा होता, बारावी पास. छंदाच्या रकान्यात मी 'वाचन' लिहिलं. तिनं ते खोडून 'चिखल' लिहिलं. "खोटं कशाला?"

ही नोकरी तिला जिवापाड हवी होती. तिच्यापायी तिनं राहनाळच्या गोडाउनमधलं पॅकिंगचं काम सोडलं, आणि त्या दिवसापासून तिच्या बाबांनी तिच्याशी बोलणं सोडलं. त्यांनी उभी हयात खाडीत जाळं टाकलेलं. मासळी संपली, तसे काल्हेरला वॉचमन झाले. "खाडी मेली," एवढंच म्हणायचे. चार महिने बापलेकीचं बोलणं आईमार्फत. "सांग तिला, जेव म्हणावं." "सांग त्यांना, जेवले."

मुलाखत खाडीवरच झाली. सोबतीला मी. शहरातल्या साहेबांनी साडेबाराला छापील तक्ता पाहिला. "ओहोटी लागली. चला, उतरा."

"सर, तक्ता मुंबईचा हाय. आज पुनव. तिथं बाराला भरतं, आमच्याकडं एकला."

साहेब हसले आणि उतरले. थोड्याच वेळात पाणी गुडघ्यावर, बूट चिखलात रुतलेले. जयू सलवार खोचून अनवाणी गेली. "डावा पाय इथं. आता उजवा. घाबरू नका, सर." शाळेत पोर पोचवावं तसं तिनं त्यांना काठाला आणलं. बरोबर एकला पाणी थांबलं. माझ्या तीन वर्षांच्या कॉलेजात असलं कुणी काही शिकवलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी जयू मला घरी घेऊन गेली. हातात इंग्रजी पत्र. मी वाचलं, तिची निवड झाली होती. कामाआधी समुद्री जीव राखण्याचं प्रशिक्षण, रत्नागिरीला.

"परत वाच, ताई. मराठीत. मोठ्यानं."

वाचलं.

"अजून मोठ्यानं."

आनंदानं हिचे कान गेले की काय! मग पाहिलं, पत्राच्या घड्या पार मऊ पडल्या होत्या. तिनं ते आधीच कितीदा तरी वाचलेलं. आणि तिची नजर माझ्याकडे नव्हतीच, आतल्या खोलीच्या पडद्याकडे होती. बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते.

तिसऱ्यांदा मी आळीला ऐकू जाईल असं वाचलं.

पडद्याआड खोकला झाला. मग आईला मध्ये न घेता आवाज आला, "कवा जाचा हाय गो?"

"सोमवारी, बाबा," जयू म्हणाली आणि माझ्या हातातलं पत्र घेऊन तिनं घडी घातली.