राजस म्हणू नका

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत पानसेकाकांनी कौतुक केलं की लोक घाबरतात.

काका मराठीचे निवृत्त शिक्षक. चुकीचा शब्द त्यांना खपत नाही. "शाही असतं ते पनीर," ते म्हणायचे. "राजबिंडा असतो तो नवरदेव, तोही भाड्याच्या शेरवानीत. राजस वेगळं. ज्याच्या नुसत्या बसण्यात राजेपण असतं आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो, तो राजस. उगाच उधळू नका!"

स्वतः ते हा शब्द क्वचित द्यायचे. तळमजल्यावरच्या साठेआजी उन्हात केस वाळवत बसल्या होत्या, त्यांना दिला. आठवड्यात आजी गेल्या. मग कुलकर्णीसाहेबांना दिला. तेही गेले. तिसरं मांजर होतं, जिन्यावर पंजे जुळवून बसलेलं. ते संध्याकाळी टेम्पोखाली आलं आणि सोसायटीची खात्री पटली.

मग काय विचारता! लिफ्टमध्ये काका शिरले की माणसं आपले केस विस्कटून घ्यायची. जोशीबाई लग्नाला निघाल्या त्या पैठणीवर जुना स्वेटर चढवून, ऐन मे महिन्यात. काकांनी बेल वाजवली की आतला टीव्ही गप्प व्हायचा, दाराच्या भिंगामागे कुणीतरी श्वास धरून उभं राहायचं आणि दार बंदच राहायचं. उघडायचे ते फक्त माझे वडील, अप्पा. रोज संध्याकाळी दोघांचा चहा आणि भांडण ठरलेलं.

या थंडीत अप्पांनी अंथरूण धरलं. अन्न तुटलं. एका दुपारी पाहिलं, तर उशीला टेकलेला त्यांचा चेहरा विलक्षण शांत आणि देखणा झाला होता. त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला आणि अंगावर काटा आला. वळून बघतो तो काका दारात उभे, अप्पांकडे टक लावून.

"काका, हात जोडतो, काही बोलू नका," मी म्हणालो.

अप्पा मात्र हसले. "बोला की, पानसे. ओठावर आलाय तुमच्या."

काका पांढरेफटक पडले.

"तुमच्याबद्दल? छे! अहो, दाढी वाढलीय, बनियनला भोक आहे. गबाळे दिसताय, शुद्ध गबाळे!"

दाढी मी सकाळीच करून दिली होती. बनियन कोरा होता. जन्मात चुकीचा शब्द न वापरलेला तो माणूस खाटेच्या कडेला बसला आणि अप्पांचा हात धरून रडायला लागला.

"गबाळेच राहा हो, अप्पा," ते म्हणाले. "मला दार उघडणारं दुसरं कोणी नाही."