घाडीकाकांची अंड्याची परीक्षा

बावीस वर्षांपूर्वी मी एका कागदावर एक खोटे वाक्य लिहिले आणि त्याखाली सही केली. वाक्य जेमतेम सात शब्दांचे होते. ते मी कोणालाही सांगितले नाही, पत्नीलाही नाही. त्या वाक्याने ज्यांचे नुकसान झाले ते मोहन घाडी त्यानंतरही रोज मला 'या सर' म्हणत राहिले. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, तेव्हा हे आधी सांगून टाकणे बरे. नाहीतर पुढचे सगळे कौतुक हा माझा दुसरा खोटा कागद ठरेल.

घाडीकाका आमच्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात काचेची उपकरणे बनवतात. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे. पण सारा विभाग त्यांना काका म्हणतो. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले एक विभागप्रमुखही त्यांना काकाच म्हणत आणि काका त्यांना बिनदिक्कत ओ देत. राहणे लालबागच्या चाळीत. तिथून परळच्या आमच्या इमारतीपर्यंत ते चालत येतात आणि त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी नेहमी चार अंडी असतात. ती खाण्यासाठी नसतात.

काकांकडून साधी वाकडी नळी जरी हवी असली, तरी आधी अंड्याची परीक्षा द्यावी लागते. लोखंडी स्टँडला लावलेल्या क्लॅम्पमध्ये कच्चे अंडे धरायचे आणि स्क्रू आवळायचा. मग काका स्टँड गदागदा हलवणार. अंडे पडता कामा नये आणि कवचाला चीरही जाता कामा नये. फुटले तर ओटा आपण पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी आपले अंडे आपण आणायचे. या परीक्षेतून कोणालाही सूट नाही. परदेशातून आलेले एक नामवंत प्राध्यापक पहिल्याच दिवशी नापास झाले. टायवरचा बलक पुसत ते उभे होते आणि काका आम्हांला शांतपणे सांगत होते, "साहेबांना म्हणावं, उद्या या. घाबरू नका. पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं."

एकदा एक मुलगी म्हणाली, "काका, आमच्यात अंड्याला हात लावत नाहीत." काका विचारात पडले. दुसऱ्या दिवशी ते बेकरीतून खारी घेऊन आले.

"घे गो बाय, ही पकड. चुरा पडला तर नापास."

"काका, ही तर नुसत्या श्वासानेही मोडेल!"

"मग श्वास धर."

ती तिसऱ्या दिवशी उत्तीर्ण झाली. अंडेवाली मुले तिच्याकडे जरा दबूनच पाहू लागली.

काचेला काका 'ती' म्हणतात. जसे घरातल्या मोठ्या बाईविषयी बोलावे, तसे. कोणी गडबडीत आले की ज्योतीच्या झगझगाटासाठी डोळ्यांवर चढवलेला गुलाबी चष्मा न काढता म्हणतात, "तिका घाई कळता. भायर जा, पाणी पी, मग ये." आणि माझ्यासारखा हळू बोलणारा आला की त्यांचे दुसरे ठरलेले वाक्य येते: "मोठ्यानं बोला सर, बर्नर चालू आहे." माझ्या स्वभावातील उणीव इतक्या थोडक्या शब्दांत दुसऱ्या कोणीही सांगितलेली नाही.

त्यांच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे. त्यात विभागात फुटलेल्या उपकरणांचे तुकडे ठेवलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते: कोणी फोडले, का फुटले. विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत, उद्घाटनाला आलेले एक कुलगुरूही आहेत. 'का फुटले' हे काका कोणाला विचारत नाहीत. ते तुकडा उजेडात धरून चीर कुठून सुरू झाली ते पाहतात.

"काका, आपोआप फुटली हो," एक मुलगा माझ्यासमोर म्हणाला होता.

"आपोआप? गरम होती, ओल्या ओट्यावर टेकवलीस. ते पण डाव्या हाताने. उजव्या हातात मोबाईल होता ना रे?"

मुलगा लाजून हसला. मी मात्र हसलो नाही. जन्मभर पुस्तके वाचणारा मी, पण काचेच्या कडेवरच्या चार रेषांवरून घडलेला क्षण असा वाचणारा माणूस पाहून मला दरवेळी धाक वाटत आला. त्या धाकाचे कारण केवळ त्यांचे कौशल्य नव्हते.

बावीस वर्षांपूर्वी मी विभागात नवा होतो. नेमणूक तात्पुरती होती. माझ्या संशोधनासाठी काकांनी तीन आठवडे राबून, अकरा वळणांची एक लांब नळी बनवली होती. ती जोडताना मी क्लॅम्प आवळला, आणखी एकदा आवळला, आणि टिचकी वाजवावी तसा आवाज झाला. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिले, 'सांध्यातील सदोष कामामुळे सदर नळी तडकली असावी.' तो कागद काकांच्या सेवापुस्तकात गेला. काकांनी पुन्हा तीन आठवडे राबून दुसरी नळी बनवली. त्या दुसऱ्या नळीवर केलेल्या कामासाठी पुढे मला विद्यापीठाचा उत्कृष्ट संशोधकाचा पुरस्कार मिळाला. काकांनी गावाहून, मालवणहून आणलेले गोड खाजे सगळ्यांना वाटले. मीही खाल्ले.

यंदा मी त्याच पुरस्कारांच्या छाननी समितीचा अध्यक्ष झालो. पुरस्कार तीन: अध्यापन, संशोधन आणि सेवा. काका या मेअखेर निवृत्त होणार, म्हणून संशोधक विद्यार्थ्यांनी त्यांचा अर्ज भरला होता. तो वाचून समितीत हशा पिकला. 'अध्यापनाचा अनुभव' या रकान्यात लिहिले होते, 'प्रत्येकी किमान एक अंडे.' 'प्रकाशित शोधनिबंध' या रकान्यात, 'इतरांचे सर्व.' मी हसत हसत फाईल पुढे सरकवणार, इतक्यात कार्यालयातले तावडे म्हणाले, "सर, हे नाव चौथ्यांदा आलंय. सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा आहे ना, नियमात बसत नाही. दरवेळी इथंच अडतं."

त्यांनी शेऱ्याचा आधार असलेला कागद माझ्यासमोर ठेवला. अक्षर माझे होते.

आधीच्या तीन वेळा मी समितीवर नव्हतो, मला हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. पण मी कधी विचारलेही नव्हते. त्या बैठकीतही मी खरे बोललो नाही. "एक दिवस द्या," एवढेच म्हणालो आणि काकांच्या खोलीकडे गेलो.

काका कपाट रिकामे करत होते. निवृत्तीपूर्वी त्यांनी सगळ्यांना निरोप धाडले होते: आपापले तुकडे घेऊन जा. वरळीहून, शीवहून जुने विद्यार्थी येत होते. आता पिकू लागलेल्या केसांचे, मोठ्या हुद्द्यांवरचे. आपला फुटका चंबू रुमालात गुंडाळून लहान मुलांसारखे नेत होते.

"माझा आहे का हो काही?" मी विचारले. नेहमीपेक्षाही हळू.

"मोठ्यानं बोला."

"माझा तुकडा?"

"तुमचा नाय सर. तुमच्या नावावर काय नाय."

खालच्या खणात कापसात ठेवलेला एक लांब तुकडा मी ओळखला. अकरापैकी दोन वळणे. चिठ्ठीवर काकांचे वळणदार अक्षर होते: 'मोहन घाडी. क्लॅम्प किती आवळायचा ते दाखवलं नाय.'

"ते माझं," काका म्हणाले. "ते घरी न्यायचं. तुम्ही नवीन होता. मी समजलो, शिकलेला माणूस, येत असेल. पुढच्या आठवड्यापासून अंडी आणायला लागलो."

"आणि तो शेरा? तुम्ही वाचला होता?"

"वाचून सही करावी लागते. तुमची नोकरी पक्की व्हायची होती." ते तुकड्याभोवतीचा कापूस नीट करत राहिले. "आई विचारायची, पुरस्कारांची यादी लागली की. 'मोहन, तुजा नाव खंय?' म्हणायचो, पुढच्या वर्षी. आता तीन वर्षं झाली तिला जाऊन. घरात विचारणारं कोण नाय. त्यामुळे तशी घाई नाय सर."

त्या दिवशीही मी माफी न मागता परतलो. फणसवाडीतल्या घरी बसून पत्र लिहिले: शेरा खोटा आहे, दोष माझा होता, तो काढून टाकावा, या समितीचा अध्यक्ष राहण्यास मी पात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तावड्यांच्या हाती दिले आणि त्याची एक प्रत घेऊन काकांकडे गेलो.

बर्नर पेटलेला होता. ज्योतीत फिरणारी नळी लाल होऊन मऊ पडत होती. कोपऱ्यात दोन नव्या मुली अंडी घेऊन क्लॅम्पशी झटत होत्या. मी कागद पुढे केला.

"हात गुंतलेत सर," काका नळी फिरवत म्हणाले. "काय लिहिलंय ते सांगा."

मी पुटपुटलो.

"मोठ्यानं. बर्नर चालू आहे."

मुलींनी माना वर केल्या. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. आणि आयुष्यात कधी वर्गातही चढवला नव्हता इतका आवाज चढवून म्हणालो, "काका, सांधा चांगला होता. क्लॅम्प मी आवळला होता. मी खोटं लिहिलं. मला माफ करा."