शुभेच्छुक संजना

यंदा वाढदिवसाला नाक्यावर आपलाही फ्लेक्स लागला पाहिजे, असा चौथीतल्या संजनाने हट्ट धरला. हट्ट वावगा नव्हता. तिचा चुलतभाऊ रुद्र तर दात यायच्या आधीच फ्लेक्सवर झळकला होता. मुलीचा फ्लेक्स मात्र गावात आजवर कुणी लावला नव्हता.

"टीव्हीत बरी पोरगी चालते तुमाला," असे तिने बापाला, हर्षदला, सुनावले आणि त्याने फ्लेक्स कबूल केला. कारण 'निडर नीरा' ही मुलांची मालिका तो लेकीच्या आधी येऊन बघत बसायचा. नीरा बारा वर्षांची होती आणि चोर, बिबट्या, लबाड बिल्डर, काहीही जेवणाच्या आत निकालात काढायची.

मधोमध मोठी संजना आणि सजावटीला कोपऱ्यात छोटी नीरा, असे ठरले. हर्षदने शिळफाट्याच्या फ्लेक्सवाल्याला दोघींचे आणि शुभेच्छुकांचे फोटो नावांसकट मोबाइलवर एकदमच पाठवले. 'गावच्या लाडक्या लेकीला वाढदिवसाच्या शुभेच्छा, कार्यक्रम संध्याकाळी समाजमंदिरात' एवढा मजकूर लिहिला आणि तो निर्धास्त झाला. फ्लेक्सवाला धंद्यात मुरलेला होता. पासपोर्ट साइजचा फोटो म्हणजे शुभेच्छुक, हे त्याला सांगावे लागत नसे. संजनाचा फोटो शाळेच्या ओळखपत्राचा होता.

वाढदिवसाच्या सकाळी नाक्यावर घराएवढी नीरा उभी राहिली. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, उपसरपंच लडकूशेठ आणि चिकनवाला सखा यांच्या मधे, दोन वेण्यांची संजना होती. ज्याला पद नसे त्याला फ्लेक्सवाला पदरचे पद द्यायचा. 'कु. संजना हर्षद ठोंबरे, युवा नेतृत्व.'

हर्षद फ्लेक्स उतरवायला निघेपर्यंत नीरा येणार ही बातमी गावभर झाली होती. दुपारपर्यंत ती मूळची इथलीच ठरली, आणि तिला लहानपणी कडेवर घेतलेल्या दोन बायकाही निघाल्या. शेलूहून मेहुणी पोरांसकट आली. लडकूशेठ शाल-श्रीफळ घेऊन हजर झाले. संध्याकाळी समाजमंदिरात नवा फ्रॉक घालून संजना केकपाशी उभी होती, तर कुणीतरी तिला दंडाला धरून बाजूला केले.

"सर गं जरा. नीराला जागा दे."

संजनाचे डोळे भरून आले. हर्षदला तोंड कुठे लपवावे कळेना. माइक त्याच्या हातात होता. शेवटी संजनानेच तो ओढून घेतला.

"नीरा येनार नाय. तिला शूटिंग हाय. तिच्या वतीनं केक मी कापते."

लोक हिरमुसले, पण केक कुणी सोडला नाही. लडकूशेठ शाल उघडून बसले होते आणि फोटोवाला तयार होता, त्यामुळे शालही नीराच्या वतीने संजनाच्याच अंगावर पडली. स्वतःचा वाढदिवस तिने असा दुसरीच्या नावावर साजरा केला.

दुसऱ्या दिवशी हर्षद शिडी घेऊन नाक्यावर गेला. नवा छापून आणतो, तुझाच मोठा फोटो घालतो, असे तो लेकीला वाटभर समजावत होता. फ्लेक्सखाली शेजारची अंबूबाई खालच्या रांगेतले 'युवा नेतृत्व' निरखत उभी होती.

"उतरवू नको रं हर्षद," ती म्हणाली आणि संजनाकडे वळली. "आमच्या आळीला पानी नाय गं पोरी. लडकूशेठला सांगून थकले. आता तूच काय ते बघ."

संजनाने दप्तर खांद्यावर सारले.

"शाळा सुटली की येते, आजी. लडकूशेठला बोलवून ठेवा."

हर्षद शिडी घेऊन माघारी वळला.