ठकीचा होकार

मांजराची भाषा मला येते! हसू नका. शेपूट काठीसारखं उभं म्हणजे 'या, बसा'. शेपूट आपटलं म्हणजे 'निघा आता'. कान मागे पाडले की आपण चपला शोधायच्या. आणि डोळे सावकाश मिटून सावकाश उघडले, तर समजायचं, जीव जडला!

हा अभ्यास मी हौसेनं केला नव्हता. जिच्याशी मला लग्न करायचं होतं तिचे वडील डोळ्यांचे डॉक्टर. पण माणूस पारखायला त्यांचा भरवसा फक्त ठकीवर, म्हणजे त्यांच्या मांजरीवर. आधीचं एक चांगलं स्थळ, ठकी फिस्कारली म्हणून चहाआधीच परत गेलं होतं. "ठकीला जिंक, बाबा आपोआप येतील," तिनं मला बजावलं होतं.

गेलो. ठकी नेमकी डॉक्टरांच्या खुर्चीच्या पाठीवर, त्यांच्या डोक्यामागे बसलेली! मी तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले.

"झोप झाली नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाली की!" मी पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.

"अहो, हा तुमच्याकडे बघून काय करतोय?" तिची आई कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"डोळ्यांत काही खुपतंय का?" डॉक्टर पुढे झुकले.

तुमच्या मांजरीवर प्रेम व्यक्त करतोय, हे भावी सासऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार? "थोडंसं," मी म्हणालो. झालं! हाताला धरून त्यांनी मला शेजारच्या दवाखान्यात नेलं, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांत थेंब टाकले आणि परत सोफ्यावर आणून बसवलं. हळूहळू सगळं धूसर! शेपूट कुठलं नि कान कुठले, हातातला चहाचा कपही धड दिसेना. सगळा अभ्यास पाण्यात.

शेवटी मीच वैतागलो. मांडीवर कुणीतरी उशी ठेवली होती, ती थोपटत म्हणालो, "काका, डोळ्यांना काही झालेलं नाही. मी मांजरीला पटवत होतो. पण ते राहू द्या. मला तुमची मुलगी फार आवडते. तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही मला!"

आणि उशी घुरघुरायला लागली.

"ठकी आहे ती," डॉक्टर म्हणाले. "आजवर कुणाच्या मांडीवर गेली नाही. माझ्यासुद्धा!"

म्हणजे मी तिच्याकडे टक लावून बघणं सोडलं, तेव्हा ती आली!

"मग... तुमचा होकार समजू?"

"आधी चष्मा कर. नंबर आहे तुला, चांगला दणदणीत! माझ्या मुलीला एकदा नीट बघ आणि मग विचार."

चष्मा केला. त्याच सोफ्यावर बसून तिला नीट बघितलं. आधीपेक्षाही छान दिसली! विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. ती मात्र म्हणाली, "घुबड दिसतोस अगदी!" आणि माझ्याकडे बघून तिनं डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले.

याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. बाबांनी तिच्याही डोळ्यांत थेंब घातले असतील, तर मात्र माहीत नाही!