मीटरकाकांची शेवटची टाकी

"काका, आता तरी साखळ्या लावू का?" क्रेनवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदाच मीटरकाकांच्या छातीवरचं मीटर किंचाळलं.

जुन्या पंपाखालची पेट्रोलची टाकी खड्ड्यात उघडी पडली होती. आतलं पेट्रोल कालच उपसलेलं, उरलीसुरली वाफ सकाळपासून पंखे लावून बाहेर हाकललेली. पण वाफ मोजणारं हे मीटर शून्यावर आल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही, म्हणजे नाही. बत्तीस वर्षं काकांनी हा हेका सोडला नव्हता, म्हणून तर लोक त्यांचं खरं नावही विसरले होते. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी निरोप समारंभ होता, आणि त्याआधी ही शेवटची टाकी स्वतःच्या इशाऱ्यावर वर काढायची, एवढी एकच हौस त्यांना होती. क्रेन मात्र दोन वाजेपर्यंतच मिळाली होती.

"सगळे बाहेर! इंजिन बंद!" काका गरजले.

माणसं निमूटपणे लाल-पांढऱ्या पट्टीबाहेर गेली. काकांनी शेजारच्या बेकरीची भट्टी विझवायला लावली. पुढच्या फेरीला मीटर पुन्हा ओरडलं, तेव्हा पोलिसाला बोलावून रस्ताच बंद करवला. त्यापुढच्या फेरीला समोरच्या दवाखान्यातले पेशंट बाहेर आले, त्यातल्या एकाचा दात तर अर्धा उपटून झाला होता.

या सगळ्या धावपळीत काकांना घाम फुटला. घाम फुटला की ते कंपनीच्या गाडीमागे जात. सकाळी सूनबाईने त्यांच्या हातात सुगंधी स्प्रे ठेवला होता. "बाबा, आज फोटो काढायला सगळे अगदी जवळ येतील हं." काका "कसली ही थेरं!" म्हणाले होते, आणि बाटली हळूच खिशात घातली होती. आता सर्दीने नाक चोंदलेलं, वास काही येईना. मग बिचारे प्रत्येक वेळी चार फवारे जास्तच मारत.

वास बाकी सगळ्यांना येत होता.

"अहो ताई, काकांचा काय घमघमाट सुटलाय!" क्रेनवाला इंजिनिअरताईंच्या कानाशी कुजबुजला. "सांगा की त्यांना."

"मी? अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत मी. तुम्हीच सांगा."

"छे छे! मला अजून नोकरी करायचीय."

पावणेदोन झाले. शेवटी ताईंनी काकांकडून मीटर मागून घेतलं. त्या एकट्या खड्ड्यात उतरल्या. टाकीच्या तोंडाशी शून्य. चारी कडांना शून्य.

"असं कसं होईल? दाखव बघू!" काका वाकले, आणि मीटरने टाहो फोडला.

ताईंनी काकांकडे पाहिलं. मग मीटर अलगद त्यांच्या कॉलरजवळ नेलं. बेकरीवाल्याने कानांत बोटं घातली.

"काका, टाकी साफ आहे."

"मग?"

"तुम्ही नाही."

कुणीतरी हसलं आणि घाईघाईने खोकलं. काकांनी खिशातून बाटली काढली, चष्मा लावला. 'अत्यंत ज्वलनशील' ही अक्षरं चांगली ठळक होती.

"सूनबाईने दिलाय गं," ते एवढंसं तोंड करून म्हणाले. "शर्ट काढून टाकू का?"

"अंगालाही लागलंय ना, काका. आणि दहाच मिनिटं उरलीत."

काकांना फार वाईट वाटलं. 'आजच्या दिवस चालेल गं' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण हेच शब्द त्यांनी शंभर जणांच्या तोंडून ऐकले होते, आणि शंभरही जणांना त्यांनी पट्टीबाहेर पिटाळलं होतं.

"डावीकडची साखळी आधी ताण," ते ताईंना म्हणाले, आणि स्वतःच पट्टी उचलून बाहेर पडले, थेट रस्त्यापलीकडे.

दोनला पाच कमी असताना ताईंनी हात वर केला. टाकी चिखल गाळत सावकाश वर आली, कुठे धक्का नाही की हेलकावा नाही. रस्त्यापलीकडे काकांचाही हात आपोआप वर गेला होता. तो त्यांनी डोळे पुसायला वापरला आणि सर्दीला दोन शिव्या हासडल्या.

शेजारी पिशवी घेऊन एक बाई उभी होती.

"अहो, मागे व्हा ना जरा," ती काळजीने म्हणाली. "तिकडे मोठा धोका आहे म्हणतात."

"तिकडे आता काही नाही हो," म्हणत काका तिच्यापासून दोन पावलं लांब सरकले. "जो काय आहे तो इथेच उभा आहे."