पिणे आणि घेणे यांतील शास्त्रीय फरक

चंचल बालक मूल्यमापन केंद्राच्या प्रतीक्षालयात मुलांनी शांत बसावे, असा नियम होता. जे मूल बसत नसे, त्याला शिस्तभंगाबद्दल घरी पाठवण्यात येई आणि जे बसे, ते निर्दोष ठरे. त्यामुळे केंद्रात आजवर एकही चंचल मूल आढळले नव्हते आणि याचा केंद्रप्रमुख डॉक्टरांना रास्त अभिमान होता.

भिंगरी मात्र या चाळणीतून निसटली, कारण शिपाई बघायला आला तेव्हा ती टेबलाखाली होती. सात वर्षांची पोर. शाळेने सरळ सांगून टाकले होते की, मदतीला वेगळी शिक्षिका हवी असेल तर केंद्राचा निर्णय आणा, नाहीतर मुलीला घरी ठेवा. तिच्यासोबत आई होती, बँकेतली अधिकारी. आईवर लक्ष ठेवायला सासूबाई होत्या.

पडद्यावर मांजर दिसले की बटण दाबायचे, अशी चाचणी होती. भिंगरीने एकही मांजर सोडले नाही. मग डॉक्टर म्हणाले, "आता मांजर सोडून द्यायचं. कुत्रा दिसला की दाबायचं." भिंगरीने मान डोलावली आणि मांजरावरच दाबत राहिली. कुत्रे आले नि गेले. तिच्या डोळ्यांत पाणी आले, तरी बोट काही ऐकेना.

"लक्ष उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त सांगितलेलं ऐकत नाही. म्हणजे हा दोष मेंदूचा नव्हे, लाडाचा."

आईने घसा साफ केला. "डॉक्टर, ही पोटात असताना मी दारू प्यायचे. त्यानं बाळाच्या मेंदूला इजा होते. ते तुम्ही विचारलंच नाहीत."

डॉक्टरांनी उठून दार लावून घेतले.

"काहीतरीच काय बोलतेस!" सासूबाई कडाडल्या. "आमच्या घरात कुणी पीत नाही. घेतात."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "ताई, शब्द जपून वापरा. पिणाऱ्या आयांची रांग मागच्या दाराला असते. त्यांच्या मुलांचा निकाल आम्ही न तपासताच लावतो. तुमचा ग्लास कसला होता?"

"पायाचा. उंच, वाइनचा असतो तसा."

"झालं तर! पायाच्या ग्लासातून पिता येत नाही, घेताच येतं."

"पण पोटातल्या पोरीला ग्लास कुठून दिसणार?"

"चांगल्या घरातल्या बाळाला उपजतच समज असते," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली.

आई हटली नाही. तेव्हा 'मुलीचा हट्ट मातेकडून आला' असे ठरवून प्रकरण केंद्राच्या समितीकडे गेले. समितीने फर्मावले की, मदतीच्या लोभाने कोणतीही आई स्वतःवर आळ घेईल. सबब तिला घेताना नव्हे, पिताना पाहिलेला एक साक्षीदार हजर करावा.

आई दारोदार फिरली. नवरा म्हणाला, "अगं, मी तर तुला सोबत करत होतो." बँकेतले साहेब म्हणाले, "मेजवान्यांत ओतली मीच, पण ओतताना मी बाटलीकडे बघत होतो." बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडी चालते असं म्हटलं होतं मी. थोडी म्हणजे किती, ते तुम्ही कुठं विचारलंत?" जिवाभावाची मैत्रीण तर रडलीच. "मला यात ओढू नकोस गं, माझ्या मुलाचं ॲडमिशन व्हायचंय."

एका पोरीच्या शाळेचा प्रश्न होता आणि या शहाण्यांना आपापल्या अब्रूची पडली होती. मेजवान्यांच्या फोटोंत सगळे दात काढून उभे आहेत, पण तिथे हजर म्हणून कुणीच नव्हते. भिंगरीचे नाव पटावरून उतरले. आता ती दिवसभर घरात गरगरते आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "सुनेनं लाडावून ठेवलीय."

समितीने साक्षीदारासाठी मुदत वाढवली आहे. तुम्ही त्या मेजवान्यांना नव्हता, मान्य. पण दुसऱ्या कुठल्यातरी मेजवानीला होता. तिथे नको नको म्हणणाऱ्या एका गरोदर बाईच्या हातात ग्लास देऊन, "घे गं, एवढ्याशानं काय होतंय," असे हसत हसत कोण म्हणाले होते?

तिचे मूल आता कितवीत आहे, चौकशी केलीत कधी?